वनौषधींची कसोटी कोणाच्या कातडीवर?

(जालना येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात मी ग्रामीण पतपुरवठ्यावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. विषय बदलून घेतला तो मीच. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने वनस्पतींच्या अर्कांविषयी आणि माणसाच्या त्वचेविषयी बोलावे, ही अनधिकार चर्चा आहे असे काहींना वाटेल. काही अंशी ती तशी आहेही. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती औषधशास्त्रातली नसून माझ्या स्वतःच्या शास्त्रातली, म्हणजे हिशेबातली आहे. निदान तिची कबुली देण्यापुरता अधिकार मला असावा.

निवृत्तीनंतरची गोष्ट. मंठा तालुक्यातील एका गावच्या महिला बचत गटाला उद्योग काढायचा होता. आपल्यातलेच दोन कार्यकर्ते त्या बायकांना घेऊन माझ्या घरी आले. सांधेदुखीवर लावायचे तेल करून विकावयाचे, अशी कल्पना होती. तिळाचे तेल, निर्गुडीचा पाला, रुईची पाने आणि बिब्बा. कृती गटातल्याच एका वृद्ध बाईची. पंचक्रोशीत तिच्या हाताला गुण आहे असा लौकिक. बँकेला प्रकल्प अहवाल हवा होता, तो मी दोन रात्रींत लिहून दिला. कच्चा माल, कढया, बाटल्या, बुचे, लेबले, वाहतूक, व्याज, घसारा अशी सर्व कलमे त्यात व्यवस्थित होती. ‘चाचणी’ या नावाचे कलम मात्र नव्हते. त्या जागी मी शून्यही लिहिले नव्हते; ते सुचलेच नव्हते. उलट, लेबलावर ‘संपूर्ण नैसर्गिक, निर्धोक’ हे शब्द असावेत ही सूचना माझी. विक्रीला मदत होईल असा त्यामागचा विचार.

तिसऱ्या खेपेचे तेल निघाले त्या सुमारास मी गावी गेलो. सगळ्या बायका बाहेर आल्या, एक तेवढी पदर पुढे ओढून कोपऱ्यात बसली होती. पापण्या सुजून डोळे मिटलेले, मनगटापर्यंत काळपट फोड, गालावर जळाल्यासारखा पट्टा. बिब्बे फोडण्याचे आणि भाजण्याचे काम तिच्याकडे होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “काही नाही सर, बिबा उतलाय थोडा. खोबरं चोळलंय, बसंल चार दिसांत.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याच आठवड्याच्या बाजारी एक गृहस्थ गुडघा दाखवीत आले. तेल लावून, वर फडके गच्च बांधून ते रात्रभर झोपले होते; सकाळी फडक्याबरोबर साल निघाली. गटाने विक्री थांबवली, मागतील त्यांचे पैसे परत केले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. ते पुढे वर्षभर त्या बायकांनी खुरपणीच्या मजुरीतून फेडले. माझ्या अहवालात ‘संभाव्य नफा’ या मथळ्याखाली जो आकडा होता, तो आजही माझ्याजवळच्या प्रतीत आहे. मी ती प्रत फाडलेली नाही.

आता बिब्ब्याविषयी थोडे. या सभागृहात असा एकही मनुष्य नसेल, ज्याच्या घरी बिब्बा आलेला नाही. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीबरोबर तो टांगलेला असतो. परीट त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जी गोडंबी पडते ती याच फळाच्या आतली. एखाद्याच्या चालत्या कामात विघ्न आणले की ‘त्याने बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. ज्या भाषेने या फळाच्या दाहाचा वाक्प्रचार करून ठेवला, ती भाषा बोलणाऱ्या प्राध्यापकाने त्याच फळाच्या तेलावर ‘निर्धोक’ असे छापावे, याला काय म्हणावे?

बिब्बा हा काजू आणि आंब्याच्या कुळातला. त्याच्या टरफलातील काळ्या तेलात जी द्रव्ये असतात, त्यांची सख्खी भावंडे अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या वेलीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर चमत्कारिक पुरळ उठू लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्याचा माग परटाने कपड्यावर केलेल्या बिब्ब्याच्या खुणेपर्यंत काढला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आजाराच्या नावात त्यांनी ‘धोबी’ हा शब्द घातला. परटाची वैद्यकशास्त्रात झालेली ही नोंद!

मी लहान असताना, बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे, माझी आजी बिब्ब्यात तापलेले दाभण खुपसून, टोकावर आलेला थेंब माझ्या टाचेच्या भेगेत टेकवीत असे. टाचेची कातडी जाड, थेंब एक, आणि वर लगेच चुन्याचे बोट. माझ्या धाकट्या काकांना मात्र ती बिब्ब्याच्या जवळही येऊ देत नसे. “त्याला उततो,” एवढेच ती सांगे. घरातल्या, भावकीतल्या कोणाला बिब्बा उततो, कोणाला उतत नाही, याची यादी तिच्या डोक्यात होती. आयुर्वेदाची परंपराही याहून निराळी नाही. भल्लातक म्हणजे बिब्बा औषधात घालण्यापूर्वी विटेच्या भुकटीत घासून त्याचे तेल कमी करण्याची शोधनक्रिया त्या शास्त्राने सांगितली आहे.

‘आपल्या औषधांची चाचणी हजारो वर्षे झालेलीच आहे’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण ती चाचणी कशाची झाली होती? एका थेंबाची, टाचेवरच्या, ओळखीच्या माणसावरची, आणि देणारी समोर बसलेली असताना. बाटली निघाली की यातले प्रत्येक अंग बदलते. थेंबाऐवजी पसाभर तेल येते, टाचेऐवजी गुडघ्याची किंवा गालाची नाजूक त्वचा येते, वर फडके बांधले जाते, आणि लावणारा मनुष्य परभणीचा की पुण्याचा हे करणारीला ठाऊक नसते. आजीजवळ घराची स्मृती होती. बाजाराजवळ अशी काही स्मृती नसते. चाचणी म्हणजे ती स्मृती नव्याने, हिशेबाने आणि लेखी उभी करणे, असे मी आता समजतो.

ती कशी करतात हे मी नंतर शिकलो. कार्यकर्त्यांनाही ते माहीत असावे, म्हणून सांगतो. पाठ करण्याची गरज नाही.

कातडीला वनस्पतीचा त्रास मुख्यतः तीन वाटांनी होतो. एक थेट दाहाची. रस पुरेसा तीव्र असेल तर तो कोणालाही, पहिल्याच वेळी भाजतो; रुईचा चीक याचे उदाहरण. दुसरी वाट अधिक फसवी आहे. पहिल्या वेळी काहीच होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही होत नाही, पण शरीर त्या द्रव्याची ओळख धरून ठेवते आणि पुढे कधी तरी अल्पशा स्पर्शाने उफाळते. यालाच आपण ॲलर्जी म्हणतो. बिब्ब्यात या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणूनच ‘मी स्वतः हाताला लावून पाहिले, काही झाले नाही’ हा पुरावा, जो आमच्या गटाने आणि मीही मानला होता, पुरावा ठरत नाही. तिसरी वाट उन्हाची. पांढऱ्या डागांवर बावची वापरतात. तिच्या बियांतील सोरालेन हे द्रव्य लावून मनुष्य सावलीत बसला तर सहसा बिघडत नाही. तोच उन्हात गेला तर फोड येतात. प्रयोगशाळेच्या थंड खोलीत निर्धोक ठरलेला लेप आमच्या अंबड-घनसावंगीच्या वैशाखात, घामावर आणि धुळीवर कसा वागेल, हा प्रश्न म्हणूनच निराळा विचारावा लागतो.

यांपैकी ॲलर्जी ओळखण्याची पद्धत फार जुनी आहे. योसेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ मध्ये मांडली. पॅच टेस्ट या नावाने ती आज सर्वत्र रूढ आहे. संशयित द्रव्य पातळ करून, बहुधा व्हॅसलीनमध्ये कालवून, छोट्या चकत्यांतून पाठीवर चिकटवतात. ४८ तासांनी चकत्या काढून पाहतात, आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. कारण खरी ॲलर्जी बहुधा उशिरा दिसते. शेजारी नुसत्या व्हॅसलीनचीही एक चकती असते, म्हणजे दोष औषधाचा की चिकटपट्टीचा ते कळते. द्रव्य किती पातळ करावे हे ठाऊक असणाऱ्यानेच हे करावयाचे. नाही तर चाचणीच भाजून काढते. बाजारच्या दिवशी आलेल्या त्या गृहस्थांनी गुडघ्याला तेल लावून रात्रभर फडके बांधले, तेव्हा त्यांनी नकळत पॅच टेस्टच केली होती; फक्त ती पातळ न केलेल्या तेलाची होती आणि तिच्यावर देखरेख कोणाची नव्हती.

दाहाची चाचणी पूर्वी सशांवर होत असे. अमेरिकन औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये तिची पद्धत घालून दिली. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आम्हा अर्थशास्त्राच्या लोकांना विकासदराच्या तक्त्यांमुळे ठाऊक; सशाच्या पाठीवर औषध ४ तास ठेवावे हेही १९८१ मध्ये तिनेच ठरवून दिले, हे कळले तेव्हा मला गंमत वाटली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर अर्क टाकून किती पेशी जिवंत राहतात हे पाहतात. निम्म्या किंवा त्याहून कमी उरल्या तर अर्क दाहक ठरतो.

संख्येविषयी बोलण्याचा मोह मात्र आवरत नाही, कारण ते माझे क्षेत्र. समजा, ५० स्वयंसेवकांवर चाचणी केली आणि एकालाही त्रास झाला नाही. लोक म्हणतील, धोका शून्य. संख्याशास्त्र म्हणते, ९५ टक्के खात्रीने एवढेच सांगता येईल की धोका शेकडा ६ पेक्षा जास्त नाही. ३ ला माणसांच्या संख्येने भागावे, असा हा सोपा आडाखा आहे. ३०० जणांवर केली तरी शेकडा १ चा धोका लपून राहू शकतो. आणि १० हजार बाटल्या खपल्या तर शेकडा १ म्हणजे १०० माणसे. तेव्हा चाचणी एकदा करून भागत नाही, विक्रीनंतरही तक्रारींची नोंदवही उघडी ठेवावी लागते. शिवाय अर्क ही दर वेळी तीच वस्तू नसते. कोरफडीचेच पाहा. सालीलगतचा पिवळा, कडू चीक आणि आतला गर एकाच पानात असतात, पण त्यांचे गुणधर्म अगदी वेगळे. पान कापणाऱ्याची सुरी कोठून फिरली यावर बाटलीत काय उतरले ते ठरते. म्हणजे एका खेपेचे प्रमाणपत्र दुसऱ्या खेपेला लावावयाचे, तर दोन्ही खेपा सारख्या असल्याचीही खात्री हवी.

कायदा काय म्हणतो? आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी करावयाचे तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आमच्या गटाकडे तो नव्हता आणि माझ्या अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. ही माझी दुसरी चूक. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २०१० मध्ये १५८-ब हा नियम आला. ग्रंथात सांगितलेले औषध ग्रंथातल्याच कृतीने आणि उपयोगासाठी केले असेल तर सुरक्षिततेचे वेगळे प्रयोग मागितले जात नाहीत. अर्क पाण्याव्यतिरिक्त किंवा पाणी-मद्यार्काव्यतिरिक्त दुसऱ्या द्रावकाने काढला असेल तर मागितले जातात. विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे, ई-१ नावाची. तीत भल्लातक आहे, रुई आहे, धोतरा आहे, गुंज आहे. आमच्या तेलातल्या चारपैकी दोन वस्तू त्या यादीतल्या! परंतु या यादीतील द्रव्यांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापण्याची जी सक्ती आहे, ती पोटात घेण्याच्या औषधापुरती. अंगाला लावावयाचे ते औषध जणू अंगात जातच नाही. २०२३ च्या प्रारंभी अकोल्यातील एकाच घरच्या तीन स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे कारण चेहऱ्याला लावण्याच्या, स्थानिक बनावटीच्या क्रीममधला पारा असल्याचे निष्पन्न झाले. ही घटना वर्तमानपत्रांतून आपण वाचली असेल.

आता आपल्याच गोटातील आक्षेपाकडे येतो. मागे एका बैठकीत मी हे बोललो तेव्हा एक जुने सहकारी संतापून म्हणाले, “अहो, चाचण्या हे मोठ्या कंपन्यांचे हत्यार आहे. गरीब बाईने बाटली भरली की यांना प्रमाणपत्र आठवते.” त्यांच्या संतापात अर्धे सत्य आहे, आणि ते नीट तपासण्यासारखे आहे.

चाचणीचा खर्च हा अर्थशास्त्राच्या भाषेत स्थिर खर्च होय. बाटल्या ५०० करा की ५ लाख करा, तो बदलत नाही. मोठ्या कारखान्याला तो बाटलीमागे पैशांत पडतो, बचत गटाला बाटलीच्या किमतीइतका. नियम सर्वांना समान असला तरी ओझे समान नसते. म्हणून नुसती सक्ती केली तर लहान उत्पादक मरतो, आणि सक्ती न केली तर बिब्बे फोडणारी मरते. माझ्या सहकाऱ्यांनी पहिली बाजू पाहिली, मी प्रकल्प अहवाल लिहिताना दोन्हींपैकी एकही पाहिली नाही. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाचा खाजगी उद्योगाच्या सामाजिक व्ययावरचा ग्रंथ १९५० चा. उद्योग आपला काही खर्च वहीत न मांडता कामगारांवर आणि शेजाऱ्यांवर ढकलतो, हे त्याचे प्रतिपादन मी तीस वर्षे वर्गात शिकवले. उद्योग म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे धुराडे येई. दहा बायकांची कढई तेच करू शकेल, हे कधी मनात आले नाही.

दुसरे असे की, चाचणीतून मिळणारे ज्ञान वापरल्याने संपत नाही. बिब्ब्याचे तेल तिळाच्या तेलात किती पातळ केले म्हणजे गुडघ्याला सोसते, हे एकदा कळले की ते मंठ्यालाही उपयोगी आणि मेहकरलाही. अशा वस्तूवर खर्च करण्यास एकटा गट पुढे येणार नाही. त्याने केला तर शेजारचा फुकट वापरील. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि जिचा खर्च एकट्याला झेपत नाही, ती सार्वजनिक तिजोरीतून व्हावयाची असते. विहिरीचे पाणी तपासण्यासाठी आपण प्रत्येक घराकडून प्रयोगशाळा मागत नाही.

हळदीची लढाई आपल्याला आठवत असेल. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ मध्ये ते रद्द करविले. आपल्याला आनंद झाला, आणि तो रास्त होता. पण त्या विजयानंतर एक निराळाच अर्थ रूढ झाला. जे आपले आणि जुने, ते निर्धोक. हळदीचीही ॲलर्जी काहींना होते, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या नोंदीत आहे. मालकी आपली ठरली, याचा अर्थ तपासणीतून सुटका झाली असा होत नाही.

मला सर्वांत अधिक बोचते ते मात्र वेगळेच. वर सांगितलेल्या सर्व चाचण्या बाटलीतल्या तयार मालाच्या आहेत. प्रश्न एकच, विकत घेणाऱ्याच्या कातडीला काय होईल? जिने फळ फोडले, भाजले, गाळले तिच्या कातडीचा प्रश्न कोणत्याही तक्त्यात नाही. आणि तिचा संबंध तर पातळ न केलेल्या रसाशी, तोही रोज आठ तास. वाशीम जिल्ह्यात आणि विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर बिब्बे फोडून गोडंबी काढण्याचा धंदा बायकांच्याच हातांवर चालतो. दगडावर फळ, वर हातोडी, आणि उडणारे तेल तोंडावर. १९४८ च्या कारखाना कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत संपर्कजन्य त्वचादाह पुढे समाविष्ट झाला खरा, पण ‘रसायने आणि रंग’ यांच्या संपर्काने होणारा. फळाचा रस त्या शब्दांत बसवावा तर वकील लागेल. आणि कारखाना म्हणावे तर तो कोठे आहे? ती आपल्या उंबऱ्यात बसलेली असते.

गाजरगवताचेही हेच. पन्नाशीच्या दशकात पुण्याला ते प्रथम नोंदले गेले. आयात गव्हाबरोबर आले असे सामान्यतः मानले जाते, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत हे नाव दिले. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने होणारा त्वचारोग सत्तरीच्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडला. आज देशभर पॅच टेस्टसाठी जी प्रमाणित द्रव्यमालिका वापरतात तीत गाजरगवताचा अर्क असतो. म्हणजे मनात आणले तर एका रानगवताची नेमकी चाचणी आपल्या देशात बसवता येते आणि साध्या सरकारी रुग्णालयात करता येते. हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कापसात खुरपणी करणारी आमची बाई ते गवत उघड्या हाताने उपटते. तिची मान, पापण्या आणि कोपरांचे खळगे पाहिले तर निदान व्हायला वेळ लागत नाही. तिला कोणी पाहत नाही, एवढीच अडचण.

तेव्हा काय करावे? २०२४ मध्ये जालन्याला आणि वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजवर आपल्याला कातडीच्या प्रत्येक कठीण दुखण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जावे लागे. नव्या महाविद्यालयांत त्वचारोग विभागाबरोबर पॅच टेस्टची सोय पहिल्यापासून असावी, आणि बचत गटांच्या व लहान वैद्यांच्या लेपांची, तेलांची तपासणी तेथे विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात व्हावी, ही मागणी आपण जिल्हा नियोजन समितीकडे नेली पाहिजे. निकाल मराठीत, सर्वांना पाहता येतील असे लावले जावेत. प्रतिकूल निकालही लावावेत. किंबहुना ते आधी. परवाना घेण्यासाठी गटाला मदत करणारा एक माणूस अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात असावा. गाजरगवताप्रमाणे बिब्बा फोडणाऱ्यांच्या त्वचेचीही पाहणी त्याच विभागाने हंगामात गावी जाऊन करावी. मागणी फार मोठी नाही. तिच्यासाठी मोर्चाही कदाचित लागणार नाही, चिकाटीने अर्ज लागतील. मोर्चापेक्षा अर्जांचा कंटाळा आपल्याला लवकर येतो, हा माझा अनुभव.

तोवर आपण स्वतः एक वही घालू शकतो. प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने आपल्या गटाच्या कामात कोणती वनस्पती, कोणाच्या हातून, किती दिवस हाताळली जाते आणि कोणाला काय उतले, एवढे चार रकाने भरावेत. नावे गावातच राहू द्या, संख्या महाविद्यालयाकडे पाठवा. आजीच्या डोक्यात जी यादी होती तीच ही.

मंठ्याच्या त्या गटाने तेल पुन्हा सुरू केलेले नाही. ज्या बाईच्या डोळ्यांविषयी मी सांगितले, ती आता बरी आहे, पण दर हिवाळ्यात व्यापाऱ्याकडून बिब्बे आणून गोडंबी काढते; घरात तेवढाच रोकड पैसा. गेल्या खेपेस मी तिला दवाखान्यात असतात तसले पातळ रबरी हातमोजे नेऊन दिले. तिने दोन दिवस वापरून ते परत केले. हातोडी निसटते, बोट सापडते, आणि घाम आला की आत उलटे जास्त चुरचुरते, असे तिचे म्हणणे. मी पुस्तके उलगडली तेव्हा कळले की पॉयझन आयव्हीचा याच जातीचा रस पातळ रबरातून पलीकडे जातो. जाड व्हिनाइलचे मोजे अधिक टिकतात. तसे दोन जोड मागवले आहेत. त्यांत हातोडी नीट धरता येते की नाही, हे ती या हंगामात सांगेल.